कूलरच्या टाकीतला हुरडा

धीरजच्या मायनं, कस्तुराबाईनं, घरी फ्रिज आणला त्याच दिवशी कायदा करून टाकला होता. याच्यात दूध राहीन, देवाचा नैवेद्य राहीन, लोण्याचा गोळा राहीन, पण बाटली राहणार नाई. कोणती बाटली हे तिनं सांगतलं नाई अन् कोणी इचारलंबी नाई. ज्या घरचा पोरगा मोबाइलवर बिअर पिऊन खानदानाचं नाव काढते, त्या घरी एवढं फोडून सांगा लागत नाई.

आता नाव काढणं म्हणजे कसं, ते ऐका. मालेगावात वाशीम रोडच्या अंगाले बबनरावचं वावर आहे. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, पालक, वांगे, मेथी, जे बाजारात चालते ते सारं. धीरज त्याचा एकुलता एक. पुण्यात दोन वर्षं कुठल्याशा हापिसात फोनवर लोकायच्या शिव्या खाल्ल्या अन् वापस आला. सकाळी बाजार, दुपारी झोप, अन् संध्याकाळी करमत नाई. मंग एका दिवशी गड्यानं मोबाइल झाडाले टेकवला, एक फॉरेनची बिअर फोडली अन् आपल्या बोलीत बोलला, "ही म्हणजे कशी आहे, लग्नातल्या मठ्ठ्यात आचाऱ्यानं चुकून संत्र पिळलं, अन् मंग भीतीनं कोणाले सांगतलंच नाई." झालं. अकोल्यापासून नागपूरलोक पोट्टे हसून हसून लोळले. चॅनलचं नाव पडलं 'फेसाचा पंच'. स्टार-बिर द्यायची भानगड नाई, हा हाताचे बोटं वर करते. दहा बोटं म्हणजे सर्गात. दहा आजलोक कोणालेच भेटले नाई.

पण एक गोष्ट मानाच लागन, गड्याची जीभ खरी होती. डोळे मिटून भाजी खाल्ली तरी वांगं कालचं का आजचं हे सांगे. चहा चुलीवरचा का गॅसवरचा, तेबी सांगे. टिंगल करे, पण खोटं बोलत नसे. म्हणून तर लोकं ऐकत.

अन् सगळ्यात जास्ती ऐके तो शिवम.

शिवम कामरगावचा. कारंजाले अकरावी-बारावीत हे दोघं एका खोलीत राहत, पुण्यातबी एकाच खोलीत. धीरज वापस आला, शिवम तिथंच चिकटला. त्याले एका बिअर बनवणाऱ्या कारखान्यात काम भेटलं. कारखान्याचं नाव 'खटपट', अन् नावासारखंच काम. जे कोणी बिअरमदे टाकणार नाई ते हे टाकत. हिरव्या मिरचीचा ठेचा टाकून झाला, नागवेलीचं पान टाकून झालं, एकदा तर शेवग्याच्या शेंगा. मालकाचं नावच नवीन, सारे नवीन सर म्हणत, त्याले असल्या गोष्टीचं भलकसं येड. शिवमनं तिथं तीन वर्षं नुसत्या टाक्या धुतल्या. धुता धुता वास घेत राह्यला, चाखत राह्यला, शिकत राह्यला. अन् डोक्सात एकच घोकत राह्यला, का आपल्या हुरड्याची बिअर काहून होत नाई.

मंग गेल्या थंडीत त्यानं केलंच. कामरगावले आला, सीताबाई म्हणजे त्याची माय, तिच्या संग वावरात बसला, कवळे कणसं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या इस्तवावर भाजले. धूर दाण्यात उतरला पाह्यजे म्हणून वरून टोपली झाकली. मायले वाटलं पोराचं डोकं फिरलं. मंग ते दाणे सावलीत वाळवले अन् पोत्यात भरून पुण्याले नेले. नवीन सरनं त्याले एक छोटी टाकी देली. म्हणे, "कर. लोकांना आवडली तर कायमची करू, अन् बनवणारा म्हणून तुझं नाव बाटलीवर. नाही आवडली तर गटारात." अन् मंग हसून म्हणे, "तुझा तो मालेगावचा पंच काय म्हणतो, ते पाहू."

आता शिवम एक फोन करू शकला असता का नाई. धीऱ्या, हुरड्याची माही आहे, सांभाळून घेजो. त्यानं नाई केला. त्याले दोस्तीचे दहा बोटं नको होते. त्याले धीरजच्या जिभेवर सोताच्या जिभेहून जास्ती भरोसा होता. म्हणून त्यानं ठरवलं, का बाटल्या देईन पण माही कोणती ते सांगणार नाई.

मे महिन्यात कामरगावले त्याच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. पुण्याची ट्रॅव्हल्स मालेगावात दहा मिनिटं थांबते चहाले. तेवढ्यात शिवमनं खाली उतरून धीरजच्या हातात थर्माकोलचा डब्बा देला. आतमदे बर्फ अन् बाटल्या.

"फ्रिजमदेच ठेवजो बरं," शिवम म्हणे. "अन् उद्या-परवा पिऊन टाकजो. बाकीच्या बाटल्या कारखान्यातच तापवून पक्क्या करेल आहे, त्याईले काई होत नाई. पण याच्यातली हुरड्याची हातानं भरेल आहे. ते जिती आहे."

"जिती म्हणजे?"

"जिती म्हणजे जिती. गरम झाली का मेली."

"अबे बिअर आहे का मासोळी आहे बे?"

शिवम हसला. डायवरनं हॉर्न मारला अन् तो पळाला. पळता पळता वळून म्हणे, "खरं सांगजो. जे लागन ते सांगजो."

धीरज डब्बा घेऊन घरी आला. दुपारलोक बर्फाचं पाणी झालं. फ्रिजपाशी जाऊन उभा राह्यला, तर कस्तुराबाई मांगून म्हणे, "काय पाह्यतं रे त्याच्यात?"

"पानी पाह्यतो."

"पानी माठात आहे."

आता मायसंग भांडावं तर बापाच्या कानावर जाईन. मंग गड्याच्या डोक्सात आयडिया आली. वरच्या खोलीले कूलर आहे, मोठा, लोखंडी, मांगून टिनावर बसवेल. त्याच्या टाकीत पाणी कसं, हात घातला का हात गार. यानं बाटल्या टाकीत निजवून देल्या. बाजूले पंप घुरघुर करून राह्यला, वरून पाणी पडून राह्यलं. धीरजले वाटलं, हा तर फ्रिजचा बाप झाला.

तुमी-आमी सारेच हे करतो. आंबे ठेवतो, टरबूज ठेवतो, त्याईचं काई बिघडत नाई. पण ते हुरड्याची होती.

अन् उद्या-परवा काई उगवला नाई. लग्नसराई होती, सांबाराले भाव चढेल होता, बबनराव याले पहाटेपासून वावरात नाचवून राह्यला होता. मंग त्याच हप्त्यात त्याईच्या भागातली डीपी जळली. दोन रोज लाइन नाई. कूलर बंद. टिनावर चव्वेचाळीसचं ऊन, अन् ते लोखंडी टाकी दिवसभर चुलीवर ठेवल्यासारखी तापून राह्यली. धीरज ते दोन रोज वावरातच झोपला. बाटल्या त्याच्या ध्यानातबी आल्या नाई. अन् हाच माणूस सांबाराच्या जुड्यायवर दर घंट्याले ओला बारदाना टाके, का ऊन लागलं तर माल मरते म्हणून.

लाइन आली, रविवार आला, अन् हा लखनले घेऊन विहिरीपाशी निंबाखाली बसला. लखन म्हणजे स्टँडवरचा मोबाइल रिपेरिंगवाला, चॅनलचं शूटिंग तोच करे. येता येता रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, बाटल्या बर्फात दाबल्या. हाताले थंड लागल्या. थंड बाटली कालपरवा कुठं होती हे सांगत नाई ना.

पहिली ठेच्याची. "ही अगुदर गोड बोलते अन् मंग कान पिळते. आमच्या बुढ्यासारखी." सात बोटं.

मंग पानाची. "सासरा लग्नावरून आला, अन् त्याच्या खिशातला रुमाल आपण सात दिवसांनी धुवाले काढला." चार.

मंग हुरड्याची. बिल्ला उघडला न उघडला तर फेस फुस्सकन वर, लखनचा पॅन्ट ओला. धीरजनं ग्लास नाकापाशी नेला अन् जराक थांबला. घोट घेतला. आंबट होती, अन् त्या आंबटाखाली ओल्या पुठ्ठ्याचा वास. पण अजून खाली, पार जिभेच्या मुळाशी, धुराचा एक बारीक धागा होता. त्याच्या जिभेनं तो धरला. जीभ म्हणे, थांब, हे असं नव्हतं, हे काहीतरी चांगलं होतं.

"काय झालं बे?" लखन म्हणे. "उन्हानं गेली का काय?"

धीरजच्या डोळ्यापुढं कूलरची टाकी आली. आली, खरं सांगतो. पण तेवढ्यात ओठावर वाक्य येऊन बसलं होतं, अन् असं वाक्य आलं का मंग कोण थांबते.

"हुरडा खाऊन झाला," तो कॅमेऱ्याकडं पाहून म्हणे, "पाहुणे गेले. अन् ज्या पोत्यावर पाहुणे बसले होते ते पोतं भिजवून पिळलं. हे ते पाणी आहे."

लखन इतका हसला का मोबाइल हालला. धीरजनं दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. एकबी बोट नाई.

संध्याकाळी दुकानात व्हिडिओ कापता कापता लखन म्हणे, "ते हुरड्याचं राहू देऊ का? शिवमले एक फोन तर लाव. दुसरी बाटली पाठव म्हणा, अजून एकदा पाहू."

"अबे तेच तर चालन," धीरज म्हणे.

अन् तेच चाललं. आठ रोजात वऱ्हाडात कोणाले माहीत नाई असं राह्यलं नाई. टपरीवर चहा पातळ झाला तर पोट्टे म्हणत, काय पोत्याचं पाणी देतं बे. कारंजाच्या बाजारात एका सरबतवाल्यानं पाटी लावली, 'आमच्या इथं पोत्याचं पाणी भेटत नाई'. धीरजसंग लोकं फोटो काढाले लागले. कस्तुराबाईलेबी बाया इचारत, का पोराचं मोबाइलवर लय नाव झालं म्हने, अन् ते बिचारी पदर सावरून म्हणे, हो, भाजीपाल्याचं सांगते काईतरी.

शिवमचा मेसेज आला होता. 'पाह्यलं. लय हसलो बे.' यानं हसरं तोंड पाठवलं. मंग तिकडून फोन नाई का मेसेज नाई. यानंबी केला नाई. कामात असन, म्हणे.

जुलैत नवीन सरचा फोन आला. तुमच्या व्हिडिओनं आमच्याकडं गर्दी वाढली म्हणे, लोकं नाव घेऊन येऊन राह्यले, तुमी या, नवीन बिअरी इथंच चाखा. धीरजनं नवा शर्ट घेतला. शिवमले सांगतलं नाई, म्हणे सरप्राइज देतो.

पुण्यात कारखान्याले लागूनच खटपटचं बिअर पाजाचं काउंटर होतं, तिथं वैभवी म्हणून पोरगी होती, ग्लास भरून देणारी. तिनं याले वळखलं.

"शिवम कुठं आहे?" यानं इचारलं.

"शिवम? तो गेला ना. महिना झाला. गावाला गेला." तिनं ग्लास पुसता पुसता पाह्यलं. "तुम्हाला माहीत नाही?"

धीरज म्हणे, बोलणं झालं नाई मधात. मंग तिनं इचारलं, काय देऊ. अन् सोताच म्हणे, "तुमचं पोत्याचं पाणी आहे अजून. सरांनी टाकी ओतून दिली, पण एक पिंप मी मागच्या थंड खोलीत ठेवलं होतं. आम्ही सगळे तेच पितो."

धीरज हसला. म्हणे, द्या, पाहू तरी.

ग्लास आला. रंग बाजरीच्या भाकरीसारखा. वर फेस कसा, दाट, हलत नाई. यानं वास घेतला अन् याचं हसणं गेलं.

घोट घेतला, तर अगुदर धूर. पऱ्हाटीचा, तो तिखट नाई, जुन्या गोधडीले येते तसा. मंग कवळ्या दाण्याचं दूध. मंग तो गोडवा, जो हातावर कणीस चोळून फुंकर मारून पहिला बकाणा तोंडात टाकल्यावर येते, अन् सकाळची थंडी पाठीले लागून राह्यली असते. धीरजनं दुसरा घोट घेतला. तोच धागा. निंबाखाली जिभेच्या मुळाशी जो सापडला होता, तो इथं पुरा कपडा होऊन समोर आला होता.

"किती बोटं?" वैभवी म्हणे.

त्याचे हात टेबलाखाली होते. त्यानं ते वर काढले नाई.

"ही शिवमची होती," वैभवी म्हणे. "त्याची पहिली. त्यानं सांगितलं नव्हतं?"

तेवढ्यात नवीन सर आला, पाठीवर थाप मारली. धीरज उभा राह्यला अन् एका दमात बोलून गेला, का सर चूक माही आहे, बाटली गरम झाली होती, हे लय भारी आहे, हे परत करा, शिवमले बलावा.

नवीन सर ऐकत राह्यला. मंग खुर्ची ओढून बसला. "अरे, मलाही बरी वाटली होती," तो म्हणे. "व्हिडिओ आला तेव्हा मी शिवमला बोलावलं. म्हटलं, तू म्हणत असशील तर ठेवू, भांड माझ्याशी. तो भांडलाच नाही. म्हणाला, धीरज म्हणतो तर तसंच असेल. मग मी कशाच्या जोरावर ठेवू?"

धीरजनं नव्या बिअरी चाखल्या का नाई, त्याले आठवत नाई. आला तसा वापस निघाला. मालेगावले उतरलाच नाई. तिकीट वाढवून कारंजालोक गेला, तिथून जीपनं कामरगाव.

सीताबाई ओसरीत कांदा चिरून राह्यली होती. याले पाह्यलं अन् चाकू थांबवला.

"आला का पंच," ते म्हणे. "बस. आमच्या घराले कितीक बोटं देतं?"

धीरज ओसरीच्या काठाले टेकला. शिवम मांगून आला, हाताले सोयाबीनच्या वावरातला चिखल. हात धुतले, चटई टाकली, पाणी देलं. राग नाई, लोभ नाई, जसं काई काल भेटले होते.

"पुण्याले गेलतो," धीरज म्हणे. "वैभवीनं पाजली. हुरड्याची."

"अस्सं."

"शिव्या, ते लय भारी आहे बे."

शिवमनं त्याच्याकडं पाह्यलं. मंग म्हणे, "कुठी ठेवली होती तू?"

आता इथं खोटं बोलता आलं असतं. फ्रिजमदे ठेवली होती, पण लाइन गेली म्हणता आलं असतं. धीरज खाली पाहून म्हणे, "कूलरच्या टाकीत. मायच्या फ्रिजमदे बाटली चालत नाई. मंग डीपी जळली. दोन रोज."

शिवमले हसू आलं. खरंच आलं, खांदे हालले. पण ते मधातच थांबलं.

"तुले तवा समजलं नाई?"

"समजलं होतं," धीरज म्हणे. "थोडं समजलं होतं."

सीताबाईचा चाकू परत चालू झाला. शिवम चटईचा धागा ओढत बसला.

"तुह्या व्हिडिओच्या अगुदर मी रोज चाखत होतो," तो म्हणे. "मले हुरडा लागे. आपलं वावर लागे. व्हिडिओ पाह्यला अन् मांगं जाऊन परत एक ग्लास पेलो. पोतं लागलं बे. खरंच पोतं लागलं. त्याच टाकीतली, तेच थंड. तू म्हणलं अन् मले लागलं. मंग मी कायच्या भरवशावर भांडू? मले वाटलं माही जीभच आंधळी. तीन वर्षं आंधळ्या जिभेनं टाक्या धुतल्या."

"मी दुसरा व्हिडिओ टाकतो. आजच. सारं सांगतो, टाकीचंबी सांगतो."

"टाक. पण लोकाले पाजशीन काय? कितीक उरलं असन त्या पिंपात?"

"मंग थंडीत परत कर. मी येतो भाजाले. नवीन सर नाई म्हणणार नाई."

"तो नाई कवा म्हणत होता," शिवम म्हणे. "बनवणं काई अवघड नाई, धीऱ्या. पण टाकी कवा उघडाची, कवा थांबाचं, हे कोठं लिहेल नसते. ते जिभेनं ठरवा लागते."

सीताबाईनं चुलीवर वांग्याची भाजी टाकली होती. रस्सा उकळाले लागला. पाव्हण्याले जेवल्याबिगर जाऊ द्यायचं नाई, मंग तो कोणीबी असो, हे त्या घरचं जुनं. तिनं आतूनच आवाज देला, "शिवम, मीठ पाह्य रे."

शिवम उठला, पळीत रस्सा घेतला, फुंकला, अन् घेऊन बाहेर आला. धीरजपुढं पळी धरली.

"पाह्य बरं," म्हणे. "झालं का?"

"तू पाह्य ना."

"नाई, तू पाह्य."

पळीच्या काठाले नुसता ओठ लावला अन् धीरजले समजलं, मीठ चिमूटभर कमी आहे. सांगाले काईच लागत नव्हतं. दोन शब्द. पण शिवम त्याच्या तोंडाकडं असा पाहून राह्यला होता, जसं लहान पोरगं मास्तरच्या हातातल्या पाटीकडं पाह्यते. धीरजनं पळी हळूच त्याच्याकडं लोटली.

"शिव्या, तुह्या घरची भाजी आहे. तू चाख. तू सांग."

शिवमनं पळी तोंडापाशी नेली. ओठालोक नेली. अन् तिथंच धरून म्हणे, "कमी वाटून राह्यलं का जास्ती? तू नुसतं सांग, मंग मी चाखतो."

धीरज बोलला नाई. शिवमनं चाखलं नाई. रश्शावरचा तवंग पळीत थंड होत गेला.

शेवटी सीताबाईच उठून आली. पोराच्या हातातून पळी घेतली, जिभेले लावली, अन् आत जाऊन मीठ टाकलं.